एका डिस्कवरचा धुरा

वऱ्हाडात शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. नोकरीसाठी पुण्यात आल्यावर कळलं, की इकडे धुरा ही खांद्यावर घ्यायची गोष्ट आहे. आमच्याकडे धुऱ्यावरून भावाभावांचं बोलणं बंद होतं. दरवर्षी नांगरताना एखादं तास पलीकडे सरकवत धुरा कोरला जातो आणि वीस वर्षांनी कुणीतरी मोजणी आणतं.

हा लेख शेतातल्या धुऱ्याचा नाही. हार्ड डिस्कवरही धुरे असतात. त्यांना पार्टिशन म्हणतात. एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स अशा दोन सिस्टिम नांदवायच्या तर मध्ये धुरा घालावा लागतो. २०१६ च्या मे महिन्यात अकोल्याच्या घरी मी तो चुकीच्या जागी घातला आणि माझ्या आजीचा आवाज पुसला गेला. तो कसा पुसला गेला हे शोधत मी १९८३ पर्यंत पोचलो. आजी त्या आवाजात जे सांगत होती ते समजून घेताना १७१९ पर्यंत जावं लागलं. दोन्ही शोध एकाच उन्हाळ्यातले, म्हणून इथे एकत्र लिहितोय.

चार ओळींचा सातबारा

मार्च १९८३ मध्ये आयबीएमने पीसी एक्सटी हा संगणक बाजारात आणला. त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती. आज तेवढ्यात फोनमधले दोन-तीन फोटो मावतात. त्यासोबत आलेल्या डॉस २.० मध्ये एफडिस्क नावाचा एक छोटा प्रोग्रॅम होता. त्याचं काम डिस्कचे तुकडे पाडणं.

एवढीशी डिस्क, तिचे आणखी तुकडे कशाला? कारण त्या वेळी पीसीवर डॉसचं एकट्याचं राज्य नव्हतं. सीपी/एम-८६ होती, यूसीएसडी पी-सिस्टिम होती. एकाच डिस्कवर प्रत्येकीला आपापली जागा मिळावी, एकीने दुसरीच्या शेतात पाय ठेवू नये, म्हणून ही वाटणी. म्हणजे दोन सिस्टिम एका डिस्कवर ठेवणं ही नंतर कुणाच्या डोक्यातून निघालेली युक्ती नाही. पार्टिशन जन्मालाच त्यासाठी आलं.

वाटणीची नोंद कुठे ठेवायची? डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये. सेक्टर ५१२ बाइटचा. त्यातले ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या चिमुकल्या प्रोग्रॅमला, शेवटचे २ बाइट 'हे पान खरं आहे' अशी खूण म्हणून, आणि मधले ६४ बाइट वाटणीच्या तक्त्याला. एका तुकड्याच्या नोंदीला १६ बाइट लागतात : तुकडा कुठे सुरू होतो, किती लांब आहे, चालू आहे की नाही, कुठल्या प्रकारचा आहे. ६४ भागिले १६. चार. डिस्क १० एमबीची असो की ५०० जीबीची, सातबाऱ्यावर चारच नावं.

१९८३ मध्ये चार पुष्कळ होते. त्याच वर्षी १ मे रोजी अमरावती विद्यापीठ सुरू झालं. त्याच वर्षी महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं आणि शेगावचं कॉलेज उभं राहिलं. आमच्या भागातली हजारो पोरं पुढे ज्या दाराने कॉम्प्युटरपर्यंत पोचली ते दार आणि चार ओळींचा तो तक्ता एकाच वयाचे. मीही त्याच दारातून आत गेलो. तक्त्याशी गाठ पडायला मात्र दुसरं वर्ष उजाडावं लागलं.

मोजण्यातली चूक

बाबांचं अकोल्यात झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, तेरवीच्या चिठ्ठ्या. दुकानातला जुना पीसी घरी आला होता. त्यावर विंडोज ७ होतं आणि ते हलवायची सोय नव्हती, कारण श्रीलिपी आणि पेजमेकर त्यावरच चालायचे. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर दुसऱ्या सिस्टिमवर उघडला की भलतीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, हे पत्रिका छापणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बाबांच्या वीस वर्षांच्या फायली त्या लिपीत होत्या. मला मात्र ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलसाठी लिनक्स हवं होतं. घरात पीसी एकच. तेव्हा एकाच डिस्कवर दोघांचा संसार.

अमरावतीच्या होस्टेलवरून पेन ड्राइव्हमध्ये उबुंटू १६.०४ आणलं. विंडोजमधून सी ड्राइव्ह थोडी आखडली, ४० जीबी जागा मोकळी केली. इन्स्टॉलर सुरू केला, तर त्या मोकळ्या जागेपुढे शेरा होता, की ही जागा वापरता येणार नाही. जागा रिकामी, पण तिचं नाव लिहायला तक्त्यात ओळच उरली नव्हती. पीसी जोडून देणाऱ्याने विंडोज टाकतानाच चारही ओळी भरून टाकल्या होत्या.

यावर इलाज १९८७ पासून आहे. डॉस ३.३ ने एक्स्टेंडेड पार्टिशन आणलं : चौथ्या ओळीत एक मोठा डबा नोंदवायचा आणि त्या डब्यात हवे तेवढे छोटे तुकडे करायचे. मला हे पुस्तकातून माहीत होतं, पण त्या रात्री सुचलं नाही. मी ठरवलं, ई ड्राइव्हमध्ये नुसते सिनेमे आहेत, ती उडवू. एक ओळ मोकळी होईल.

लिनक्सला सी, डी, ई ही नावं कळत नाहीत. ते तुकड्यांना आकडे देतं : एक, दोन, तीन, चार. मी मनात मोजलं. सी एक, डी दोन, ई तीन. तीन नंबर उडवला. नवा धुरा घातला, फॉरमॅट केलं, उबुंटू टाकलं, चहा प्यायलो.

यादीत सगळ्यात वर १०० एमबीचा एक तुकडा होता. विंडोज ७ स्वतःच्या कामासाठी असा एक तुकडा राखून ठेवतं आणि वापरणाऱ्याला दाखवत नाही. तो एक नंबर होता. म्हणजे सी दोन, डी तीन, ई चार. डी आणि ई सारख्याच मापाच्या होत्या, त्यामुळे आकारावरूनही ओळख पटली नाही. मी डी उडवली होती. डीमध्ये घरचे फोटो होते आणि 'आजी' नावाच्या फोल्डरमध्ये चौदा आवाज होते. २०१३-१४ मध्ये मी बाबांच्या बटनवाल्या फोनवर ते भरून घेतले होते. आजी डिसेंबर २०१५ मध्ये गेली.

बाबा काही बोलले नाहीत. आईने एवढंच विचारलं, "दुसरीकडे कुठे ठेवलं नव्हतंस का रे?"

पल्याड मोगलाई

आजी पैनगंगेच्या काठची, उमरखेडकडची. जन्म १९३८ च्या आसपासचा. तिच्या बोलण्यात एक शब्द सारखा यायचा, मोगलाई. "नदीच्या अल्याड आमी, पल्याड मोगलाई. पन आबाजी म्हनत, आपलंबी मोगलाईचंच व्हय, इंग्रजाकडे गहान पडेल हाये."

अख्खा प्रदेश गहाण कसा पडतो, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. रेकॉर्डिंग गेल्यावर मी तिची वाक्यं आठवून वहीत लिहायला लागलो आणि प्रत्येक वाक्यापाशी अडलो. मग वाचायला घेतलं.

१७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून शाहूसाठी सनदा आणल्या. दख्खनच्या सहा सुभ्यांत चौथ आणि सरदेशमुखी गोळा करण्याचा हक्क, म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा आणि वर दहावा हिस्सा. त्या सहा सुभ्यांत एक वऱ्हाड. पाचच वर्षांनी, ऑक्टोबर १७२४ मध्ये, आताच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्यापाशी निजाम-उल-मुल्कने मुबारिजखानाला हरवलं आणि दख्खन व्यवहारात दिल्लीपासून तुटलं. निजामाने त्या गावाचं नाव फत्तेखेर्डा ठेवलं. आता वऱ्हाडचा मालक निजाम झाला, पण सनद मराठ्यांच्या हातात होतीच.

इथून पुढे जवळजवळ ऐंशी वर्षं जे चाललं त्याला मराठीत शब्द आहे, दुअंमली. एका मुलखावर दोन अंमल. निजामाचा सुभेदार अचलपुरात. भोसले आधी यवतमाळकडच्या भामला आणि मग, रघूजीच्या काळापासून, नागपुरात. गाविलगड आणि नरनाळा हे सातपुड्यातले दोन मोठे किल्ले पुढे भोसल्यांच्या ताब्यात. भोसल्यांची माणसं गावोगाव बसलेली. वसुलाचा निम्म्याहून जास्त वाटा त्यांच्याकडे जाई, शिवाय तो कुणी गोळा करायचा यावरून त्यांचीच आपसात जुंपे. तरीही कागदावर मालक निजाम, आणि ही गोष्ट मराठेही नाकारत नव्हते.

हे वाचल्यावर माझ्यासारख्याच्या डोक्यात पहिला शब्द येतो तो ड्युअल बूट. एक डिस्क, दोन सिस्टिम. मोह होतो, पण ही तुलना एका जागी फसते आणि ती जागा महत्त्वाची आहे. ड्युअल बूटमध्ये एका वेळी एकच सिस्टिम जागी असते. विंडोज चालू असताना लिनक्स झोपलेलं असतं, त्याला भूक नसते. दुअंमलीत दोघेही एकाच दिवशी जागे आणि दोघांनाही भूक. शेतात कापूस एकदाच पिकायचा, मागायला दोन दारांतून माणसं यायची. मधे धुरा नव्हताच, तीच तर अडचण होती. धुरा असता तर एका बाजूचा कुणबी तरी एकाच मालकाचा राहिला असता.

दोन घड्याळं

तुलना एका ठिकाणी मात्र अगदी चपखल बसते. ड्युअल बूट करणाऱ्या प्रत्येक भारतीय पोराला पहिल्या आठवड्यात एक भूत भेटतं : लिनक्समधून विंडोजमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास मागे. संगणकाच्या आत बॅटरीवर चालणारं एकच घड्याळ असतं. लिनक्स मानतं की त्यात जागतिक वेळ लिहिलेली आहे आणि तिच्यात साडेपाच तास मिळवून दाखवतं. विंडोज मानतं की तीच स्थानिक वेळ आहे आणि आहे तशी दाखवतं. घड्याळ एकच आहे आणि बरोबरही आहे. वाचण्याचा नियम दोघांचा वेगळा, आणि प्रत्येक जण आपल्या समजुतीप्रमाणे ते दुरुस्त करत राहतो.

अठराव्या शतकातल्या वऱ्हाडात हाच घोळ वर्षांचा होता. निजामाच्या दप्तरात फसली सन, मराठ्यांच्या दप्तरात सुहूर सन. फसलीत साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो, सुहूरमध्ये ५९९ किंवा ६००. म्हणजे १७६० च्या पावसाळ्यात पेरलेलं एकच पीक एका वहीत ११७० च्या सालात आणि दुसरीत ११६१ च्या. शेत तेच, पाऊस तोच, दोन कागदांत नऊ वर्षांचं अंतर. जुने कागद वाचणाऱ्याला आधी हे ठरवावं लागतं, की लिहिणारा कुणाचा नोकर होता.

पुसलेल्या डिस्कमधून निघालेलं लिनक्स

माझी चूक मोठी वाटत होती तेव्हा एका सिनिअरने लिनस टोरवाल्ड्सची गोष्ट सांगितली. १९९१ च्या सुरुवातीला हेलसिंकीत शिकणाऱ्या या पोराने ३८६ पीसी घेतला आणि त्यावर मिनिक्स नावाची शिकण्यासाठी बनवलेली सिस्टिम टाकली. मिनिक्सच्याच आधाराने तो स्वतःची सिस्टिम लिहीत होता. एकदा मोडेमवरून विद्यापीठाचा नंबर फिरवायचा होता, तर आज्ञा मोडेमऐवजी चुकून डिस्ककडे गेली आणि मिनिक्सच्या पार्टिशनवर लिहिलं गेलं. मिनिक्स उडालं. पुन्हा टाकत बसण्याऐवजी त्याने ठरवलं, की आता आपलीच सिस्टिम पुरेशी झाली आहे.

म्हणजे आज जगभरचे सर्व्हर आणि तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातला गाभा ज्यावर चालतो, त्या लिनक्सच्या बालपणातही चुकीच्या पार्टिशनवर लिहिल्याची एक रात्र आहे. फरक एवढाच, की त्याच्या त्या पार्टिशनमध्ये आजी नव्हती.

पुढची सगळी वर्षं लिनक्सला दुसऱ्याच्या घरात पाहुणा म्हणून राहावं लागलं. पीसी विकत घेतला की विंडोज आधीच बसलेलं. मग त्याच्या शेजारी जागा करायची. १९९२ मध्ये वर्नर आल्मेसबर्गर यांचा लिलो आला, १९९५ मध्ये एरिक बोलेन यांनी ग्रब सुरू केला. हे दोघे म्हणजे दारावरचे देवडीवाले : संगणक चालू झाला की विचारतात, आज कुणाकडे जायचं? पण देवडी एकच. विंडोज पुन्हा टाकलं की ते पहिल्या सेक्टरमधला देवडीवाला हाकलून आपला बसवायचं. लिनक्स डिस्कवर जसंच्या तसं असायचं, फक्त त्याच्याकडे नेणारं कुणी उरायचं नाही. पोरांना वाटायचं, लिनक्स उडालं.

वाचता न येण्याचाही एक प्रकार आहे. लिनक्सला विंडोजचा तुकडा वाचता येतो. विंडोजला लिनक्सचा तुकडा मुळात वाचता येत नाही. असा तुकडा समोर आला की विंडोज म्हणतं, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? आपल्याला जे वाचता येत नाही ते रिकामं आहे, असं धरून चालण्याची ही सवय नुसत्या संगणकाची नाही.

आमच्या आधीच्या पोरांपर्यंत लिनक्स सीडीवरून पोचलं. १९९० च्या दशकात पीसी क्वेस्ट मासिक अंकासोबत लिनक्सच्या सीडी द्यायचं. ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटू आलं, आणि २०११ पर्यंत उबुंटूवाले मागेल त्याला फुकट सीडी पोस्टाने पाठवायचे. नेट कॅफेत तासाला पैसे मोजणाऱ्या गावांत ७०० एमबी डाउनलोड करणं ही थट्टा होती, तिथे पोस्टमन ऑपरेटिंग सिस्टिम आणून द्यायचा. होस्टेलवर एका सिनिअरकडे अशी एक सीडी अजून कागदी पाकिटात होती. त्याने ती कपाटावर चिकटवून ठेवली होती.

गहाण, भाडेपट्टा आणि किल्ली

दुअंमली संपली ती तिसऱ्याच्या हाताने. २९ नोव्हेंबर १८०३ ला अकोला जिल्ह्यातल्या अडगावला आर्थर वेलस्लीने भोसले आणि शिंद्यांच्या फौजांना हरवलं. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि रघूजी भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. वऱ्हाडावर पहिला स्पष्ट धुरा पडला तो हा, वर्धा नदी. गाविलगड आणि नरनाळा तेवढे काही वर्षं भोसल्यांकडे राहिले.

मुलूख पूर्ण निजामाचा झाला म्हणेपर्यंत नवी भानगड उभी राहिली. निजामाच्या नावाने कंपनीने 'हैदराबाद कॉन्टिन्जंट' ही फौज पोसली आणि तिचा खर्च निजामाच्या माथी मारला. कर्ज ५० लाखांच्या घरात गेलं. २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली झालं. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. कापूस पिकवणारी ही काळी जमीन इंग्रजांना किती हवी होती, हे पुढच्या दहा वर्षांत अमेरिकेतल्या यादवी युद्धाने दाखवून दिलं. आजीचे आबाजी म्हणत तो गहाण हाच. १८६० मध्ये ते ५० लाखांचं कर्ज माफ झालं, तरी वऱ्हाड परत मिळालं नाही. निजामाचे दिवाण सालारजंग १८८३ मध्ये मरेपर्यंत ते मागत राहिले.

१८६१ पासून इंग्रजांनी मुंबई इलाख्याच्या पद्धतीने वऱ्हाडची मोजणी सुरू केली. ३३ फुटांची साखळी. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. प्रत्येक शेताला नंबर. शेताला नाव असायचं, वडाचं, नाल्यावरचं, आता त्याला आकडा आला. मी सी-डी-ई सोडून एक-दोन-तीन मोजताना जसा चुकलो तसं त्या साखळीखाली किती जणांचं काय चुकलं असेल, असं मला ते वाचताना वाटलं.

५ नोव्हेंबर १९०२ ला लॉर्ड कर्झनने निजाम मीर महबूब अली खान यांच्याकडून वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने घेतलं, वर्षाला २५ लाख रुपयांवर. पुढच्या वर्षी कारभार मध्य प्रांताला जोडला. तरी कायद्याने वऱ्हाड 'ब्रिटिश इंडिया' नव्हतं. हिंदुस्थानात केलेला कायदा इथे आपोआप लागू होत नसे, तो वऱ्हाडासाठी वेगळा लागू करावा लागे. १९३६ च्या करारात निजामाच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली आणि इंग्रजांच्या झेंड्याशेजारी निजामाचा झेंडा लावायचं ठरलं. झेंडे दोन, वसूल एकाकडे.

संगणकातही मालकी आणि किल्ली वेगळ्या हातांत असू शकतात. चार ओळींचा तक्ता आता मागे पडला. नव्या जीपीटी तक्त्यात सहसा १२८ ओळी असतात आणि त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. माझी ती रात्र आज तशी घडली नसती. पण २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत सिक्युअर बूट आलं : ज्यावर ओळखीची सही आहे तीच सिस्टिम सुरू होणार. बहुतेक लॅपटॉपांत ती सही मायक्रोसॉफ्टची. लिनक्सचा देवडीवालाही आता मायक्रोसॉफ्टकडून सही आणून दारात उभा राहतो. चोरटे प्रोग्रॅम रोखायला हे उपयोगी आहे, यात वाद नाही. पण ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने जुन्या देवडीवाल्यांची ओळख रद्द केली आणि अनेकांच्या लॅपटॉपवर लिनक्स सुरूच होईना. दोन सिस्टिम असलेल्या मशीनला याचा त्रास होणार नाही, असं मायक्रोसॉफ्टने आधी सांगितलं होतं. लॅपटॉप विकत घेतलेला, बिल आपल्या नावावर, आणि दार उघडेल की नाही हे दुसरीकडे ठरतं. वऱ्हाडच्या माणसाला यात नवीन वाटण्यासारखं काही नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर अकोल्यात एक वेगळा प्रयत्न झाला. ८ ऑगस्ट १९४७ चा अकोला करार. मराठी भाषकांचा एक प्रांत करायचा, पण त्यात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत, दोघांची विधिमंडळं वेगळी, मंत्रिमंडळं वेगळी. एक डिस्क, मधे आधीच ठरवून घातलेला धुरा. तो अमलात आला नाही. १९५३ च्या नागपूर कराराने त्याची जागा घेतली. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. दोन विधिमंडळांतलं उरलं ते हिवाळ्यात नागपूरला भरणारं अधिवेशन. धुरा हवा होता की नको, यावर आमच्याकडे आजही चहाच्या टपरीवर भांडण लागतं. मी त्यात पडत नाही. मला एवढंच दिसतं, की या जमिनीवर धुरा नव्हता तेव्हाही माणसं भरडली गेली, आणि त्यांना न विचारता घातला तेव्हाही.

जे सापडलं

पार्टिशन उडवलं की डेटा लगेच पुसला जात नाही. पुसली जाते ती तक्त्यातली ओळ. जमीन तिथेच असते, सातबारा फाटतो. हे त्या सिनिअरने सांगितलं तेव्हा मला हायसं वाटलं, पण त्याने लगेच विचारलं, "वर काही लिहिलं का?" लिहिलं होतं. फॉरमॅट केलं होतं आणि उबुंटू टाकलं होतं. काही गीगाबाइटांखाली काय काय गाडलं गेलं ते कळायला मार्ग नव्हता.

टेस्टडिस्क नावाचा फुकट प्रोग्रॅम हरवलेली ओळ शोधून देतो. त्याला जुना तुकडा दिसला, पण फोल्डरची यादी मोडलेली होती. मग त्याचा जोडीदार फोटोरेक चालवला. तो यादी बघतच नाही. सेक्टरमागून सेक्टर वाचत जातो आणि फोटो कसा सुरू होतो, आवाजाची फाइल कशी सुरू होते, एवढ्या ओळखीवर तुकडे उचलतो. रात्रभर चालला. सकाळी हजारो फायली होत्या. एकीलाही नाव नाही, तारीख नाही. नुसते आकडे.

तीन दिवस ऐकत बसलो. चौदापैकी नऊ सापडले. कुठला कधी भरलेला ते आता फक्त आतल्या बोलण्यावरून लावायचं. मागे कुकरची शिट्टी आहे म्हणजे अकोल्यातला, बैलाच्या घुंगरांचा आवाज आहे म्हणजे गावातला. फोल्डरवर मी 'आजी' लिहिलं होतं ते गेलं, पण आवाज आजीचाच होता.

जे पाच गेले त्यांत करोडगिरीच्या नाक्याची गोष्ट होती. करोडगिरी म्हणजे निजामाच्या राज्यातली जकात. ती गोष्ट मी दोनदा ऐकलेली आहे, म्हणून इथे लिहून ठेवतो. आजी आठ-नऊ वर्षांची असेल. पैनगंगेपलीकडे मोगलाईत तिच्या मावशीकडे लग्न होतं. अहेराला नवं लुगडं न्यायचं होतं आणि नव्या कापडावर नाक्यावर जकात द्यावी लागे. तिच्या आईने नवं लुगडं आत नेसलं आणि त्यावर रोजचं जुनं. उन्हाळा होता, नदीला गुडघाभर पाणी. नाक्यावरच्या माणसाने गाठोडं सोडून पाहिलं, त्यात भाकरी निघाल्या. त्याने पोरीला विचारलं, "मायच्या अंगावर नवं काही हाये का?" आजी म्हणाली, "हाये नं. काकनं नवे हायेत." तो हसला आणि जा म्हणाला. पुढच्या बाभळीखाली तिच्या आईने तिला आधी एक थापड मारली आणि मग पोटाशी धरलं.

आता ते नऊ आवाज चार ठिकाणी ठेवले आहेत. एक प्रत बाबांच्या दुकानात आहे, श्रीलिपीच्या फायलींशेजारी. फोल्डरचं नाव त्यांनीच टाइप केलंय. माझ्या लिनक्सवर ते भलत्याच चिन्हांत दिसतं. मी ते बदललेलं नाही.